संगणकाचा पहारेकरी वाट अडवितो तेव्हां

मुंबई आणि ठाणें यांच्या शिवेवर मुलुंडचा चेक नाका आहे. मुंबईची जकात होती तोंपर्यंत शहरांत माल नेणाऱ्या मोटारींची तेथें रांग लागे. माल तपासला जाई, कागद पाहिले जात आणि मगच गाडी पुढें सुटे. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर लागू झाला, जकात संपली आणि नाक्याचें नांव तेवढें लोकांच्या तोंडीं राहिलें. त्या रांगेंत ज्यांनीं वेळ काढला आहे त्यांना नाक्याचा गुण आणि दोष दोन्ही ठाऊक आहेत. तपासणी नसेल तर चोरटा माल आंत येतो. आणि तपासणी भलत्या रीतीनें झाली तर सरळ मालही अडकून पडतो. ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील घरांघरांतून आज जो संगणक आहे, त्याच्याही दारांत असाच एक नाका बसविलेला असतो. त्यास अँटिव्हायरस म्हणतात.

हा नाका नेमका अडचणीच्या वेळींच आठवतो. महापालिकेचा मालमत्ता-कर भरावयाचा असतो, मुलीचा परीक्षेचा अर्ज त्याच सायंकाळीं पाठवावयाचा असतो, किंवा निवृत्तिवेतन जमा झालें कीं नाहीं हें बँकेच्या पानावर पाहावयाचें असतें; आणि पान उघडत नाहीं. कधीं पडदा पांढरा राहतो, कधीं 'तुमची जोडणी खासगी नाहीं' असा इशारा येतो, तर कधीं अँटिव्हायरसच्या नांवानिशीं लाल पाटी झळकते. अशा वेळीं घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, हा अँटिव्हायरसच काढून टाका. दुसरा म्हणतो, ज्याअर्थीं तो अडवितो त्याअर्थीं तें संकेतस्थळच वाईट असलें पाहिजे. दोन्ही पक्ष घाई करतात. दोष कोणाचा, हें ठरविण्यास एक क्रम आहे, आणि तो कोणाही साक्षर मनुष्यास साधण्याजोगा आहे. मात्र तो नीट कळण्यास हा पहारेकरी काम कसें करतो, हें आधीं पाहिलें पाहिजे.

संगणकाचे विषाणु ही आजची गोष्ट नव्हे. १९८६ सालीं लाहोरच्या दोघां भावांनीं लिहिलेला 'ब्रेन' हा आयबीएम धर्तीच्या लहान संगणकांवरील पहिला विषाणु मानला जातो. फ्लॉपी नांवाच्या पातळ तबकडीवरून तो एका यंत्रांतून दुसऱ्या यंत्रांत जाई. महाराष्ट्रांतही या त्रासांतूनच एक उद्योग उभा राहिला. पुण्यांत कॅल्क्युलेटर व पुढें संगणक यांच्या दुरुस्तीचें काम करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधु संजय काटकर यांनीं १९९० नंतरच्या दशकांत 'क्विक हील' हा अँटिव्हायरस बाजारांत आणला. २००७ मध्यें त्यांच्या कंपनीनें तेंच नांव धारण केलें आणि २०१६ मध्यें तिची नोंद शेअर बाजारांत झाली.

फ्लॉपीच्या त्या काळांत पहारेकऱ्याचें काम सोपें होतें. तबकडी आंत गेली कीं ती तपासावी, एवढेंच. पुढें इंटरनेट घरोघर आलें आणि विषाणूची वाट बदलली. तो वेबपानांतून, उतरवून घेतलेल्या फायलींतून आणि ई-पत्रांस जोडलेल्या कागदांतून येऊं लागला. म्हणून पहारेकऱ्यासही जुनी जागा सोडून ब्राउझर आणि इंटरनेट यांच्या मध्यें येऊन बसावें लागलें. अँटिव्हायरसमुळें वेबपानें कां अडतात, या प्रश्नाचें पहिलें उत्तर हेंच कीं, तो वाटेंतच बसलेला आहे.

ती जागा त्यानें उगाच घेतलेली नाहीं. २७ जून २०१७ रोजीं 'पेट्या' या नांवानें गाजलेला उपद्रव जगभर पसरला, तेव्हां न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलचें कामकाज बंद पडलें. ठाण्याच्या खाडीपलीकडच्या बंदरांत माल उतरविण्याचें काम संगणक बिघडल्यामुळें खोळंबलें. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर घरांतील एकट्या यंत्राचा पहारा कायमचा उठविणें शहाणपणाचें नव्हे. पहारा राहिला पाहिजे आणि वाटही चालली पाहिजे. प्रश्न एवढाच आहे.

अडथळ्याचें दुसरें उत्तर थोडें अधिक खोल आहे. पूर्वीं बहुतेक वेबपानें उघड्या पोस्टकार्डासारखीं येत. वाटेंतील कोणीही तीं वाचूं शके. पुढें बंद लखोट्याची पद्धति रूढ झाली. २०१५ च्या अखेरीस 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेनें संकेतस्थळांना विनामूल्य प्रमाणपत्रें देण्यास आरंभ केला. आणि जुलै २०१८ पासून गूगलचा क्रोम ब्राउझर उघड्या पानांवर 'सुरक्षित नाहीं' असा शेरा मारूं लागला. आतां बँका, रेल्वे, महापालिका अशा बहुतेक सर्वांचीं पानें बंद लखोट्यांतून येतात. लखोट्यावर लाखेची मोहर असते. ती मोहर म्हणजे प्रमाणपत्र. विश्वासास पात्र अशा मोहरांची एक यादी ब्राउझरजवळ असते. आलेली मोहर त्या यादीशीं जुळली, तिची मुदत संपलेली नसली आणि तिच्यावरचें नांव पत्त्याशीं मिळालें, म्हणजे पान उघडतें.

लखोटा बंद असला म्हणजे मधल्या पहारेकऱ्यास आंतील मजकूर दिसत नाहीं. म्हणून अनेक अँटिव्हायरस एक युक्ति योजितात. बसवितेवेळींच ते स्वतःची मोहर संगणकाच्या विश्वासू यादींत नोंदवून ठेवतात. मग आलेला लखोटा वाटेंत फोडावयाचा, मजकूर तपासावयाचा, तो पुन्हा बंद करावयाचा आणि वर स्वतःची मोहर उठवून ब्राउझरच्या हातीं द्यावयाचा, असा क्रम चालतो. यादींत ती मोहर सांपडली तर ब्राउझर मुकाट्यानें पान उघडतो. ती सांपडली नाहीं, किंवा तिची नोंद बिघडली, तर हा लखोटा वाटेंत कोणीतरी फोडला आहे असें ब्राउझर सांगतो. आणि त्याचें म्हणणें खरेंच असतें. फोडणारा चोर आहे कीं घरचाच पहारेकरी, एवढें मात्र त्यास ओळखतां येत नाहीं. फायरफॉक्स हा ब्राउझर आपली यादी स्वतंत्र ठेवतो. त्यामुळें क्रोममध्यें पान उघडतें आणि फायरफॉक्समध्यें तेंच अडतें, असा चमत्कार पुष्कळांनीं पाहिला असेल. २०१९ पासून फायरफॉक्सनें संगणकाची यादी पाहण्याची सोय केली, तरी हा प्रकार अजून अगदींच नाहींसा झालेला नाहीं.

लखोटे फोडण्याच्या या पद्धतींत धोकाही आहे. फेब्रुवारी २०१५ मध्यें असें उघडकीस आलें कीं, लेनोव्हो कंपनीच्या कांहीं लॅपटॉपांवर 'सुपरफिश' नांवाचा जाहिराती दाखविणारा कार्यक्रम आधींच बसविलेला असून त्यानें आपली मोहर विश्वासू यादींत घुसविली होती. शिवाय त्या सर्व यंत्रांवर मोहरेचा ठसा एकच होता. तो एकाच्या हातीं लागला कीं सर्वांचे लखोटे उघडतां यावेत! कंपनीस पुढें तो काढून टाकण्याचें साधन द्यावें लागलें. सुपरफिश हा अँटिव्हायरस नव्हता; पण त्याची युक्ति तीच होती. २०१७ मध्यें अमेरिकेंतील विद्यापीठांतील संशोधकांनीं मोझिला, गूगल इत्यादि संस्थांतील तज्ज्ञांसह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतही असें दिसून आलें कीं, लखोटा फोडून पुन्हा बंद करणारीं अनेक साधनें जोडणीची सुरक्षितता वाढविण्याऐवजीं कमी करतात. त्याच वर्षीं गूगलनें असें सांगितलें कीं, ज्या संगणकांवर दुसरे कार्यक्रम क्रोमच्या आंत हात घालतात, तेथें क्रोम एकाएकीं बंद पडण्याचा संभव १५ टक्क्यांनीं अधिक असतो. यावरून पहारेकरी नको असें ठरत नाहीं. पण त्याच्या हातूनही चूक होते, हें ध्यानांत ठेवावें.

आतां तपासाचा क्रम. सर्वांत आधीं पडद्याच्या कोपऱ्यांतील घड्याळ पाहावें. ही गोष्ट क्षुल्लक वाटते; परंतु जुन्या यंत्रांत ती वारंवार घडते. संगणकाच्या आंत नाण्याएवढी एक बॅटरी असते. वीज गेली असतां तिच्या बळावर घड्याळ चालतें. ती संपली म्हणजे यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर कांहीं वर्षांपूर्वींची तारीख दाखवूं लागतें. प्रमाणपत्रांच्या मुदती अल्प असतात. सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवसांहून अधिक मुदतीचीं प्रमाणपत्रें देणें बंद झालें, आणि ही मुदत टप्प्याटप्प्यानें आणखी कमी करण्याचेंही ठरलें आहे. तारीख मागें गेली कीं बहुतेक सर्वच प्रमाणपत्रें 'अद्याप लागू न झालेलीं' ठरतात आणि एकही पान धड उघडत नाहीं. तेथें अँटिव्हायरसचा कांहीं अपराध नसतो. तारीख सुधारावी, आणि ती पुन्हा बिघडत असेल तर दुरुस्तीच्या दुकानांतून बॅटरी बदलून घ्यावी.

दुसरी परीक्षा अशी कीं, एकच पान अडतें कीं सर्व पानें अडतात, हें पाहावें. त्याच वायफायवर घरांतील मोबाइलवरून तेंच पान उघडावें. मोबाइलवरही तें उघडत नसेल तर दोष जोडणीचा किंवा त्या संकेतस्थळाचा आहे. कर भरण्याच्या अखेरच्या दिवशीं गर्दीमुळें पान मंदावणें हें कांहीं नवल नव्हे. मोबाइलवर उघडतें आणि संगणकावर उघडत नाहीं, तर दोष संगणकांत आहे असें समजावें.

तिसरी परीक्षा ब्राउझरची. त्याच संगणकावर दुसऱ्या ब्राउझरमध्यें पान उघडून पाहावें. दुसऱ्यांत तें उघडलें, तर पहिल्या ब्राउझरमध्यें खासगी खिडकी उघडून तेथें तेंच करावें. खासगी खिडकींत ब्राउझरला जोडलेले उपकार्यक्रम बहुधा निजलेले असतात. तेथें पान उघडलें, तर त्या जोडांपैकीं एखादा वाट अडवीत आहे. पुष्कळ अँटिव्हायरस असा एक जोड ब्राउझरमध्यें बसवितात. एकेक जोड बंद करून पाहिलें म्हणजे दोषी सांपडतो.

चौथी परीक्षा मोहरेची. उघडलेल्या एखाद्या पानाच्या पत्त्याच्या डाव्या बाजूस जें लहान चिन्ह असतें तें दाबून प्रमाणपत्र पाहावें. तें कोणीं दिलें, याची नोंद तेथें असते. तेथें अँटिव्हायरसचें नांव दिसलें, तर तो लखोटे फोडून तपासतो हें सिद्ध झालें. पानें सुरळीत उघडत असतील तर एवढ्यावरून कांहीं बिघडलें असें होत नाहीं. पण इशारे येत असतील तर संशय त्याच्याकडे जातो.

आणि शेवटची परीक्षा प्रत्यक्ष पहारा थोडा वेळ उठविण्याची. संपूर्ण अँटिव्हायरस बंद करूं नये. त्याच्या सेटिंगमध्यें वेबच्या तपासणीचें निराळें कलम असतें. त्यास कोठें 'वेब शील्ड', कोठें 'वेब सिक्युरिटी', तर कोठें 'ब्राउझिंग प्रोटेक्शन' म्हणतात. लखोटे फोडण्याच्या कामास बहुधा 'एचटीटीपीएस स्कॅनिंग' असें नांव असतें. तेवढेंच कलम दहा मिनिटांकरितां बंद करावें, ओळखीचें एखादें सुरक्षित पान उघडून पाहावें, आणि त्या दहा मिनिटांत कोठेंही पासवर्ड घालूं नये अथवा फाइल उतरवूं नये. पान उघडलें तर दोष सांपडला. उघडलें नाहीं तर पहारेकरी निर्दोष ठरला. दोन्ही प्रसंगीं कलम लगेच पुन्हा सुरू करावें. घाईंत काम उरकून तें सुरू करावयाचें राहून जातें, आणि यंत्र महिनोन्‌महिने उघडें पडतें; हा या परीक्षेंतील खरा धोका होय.

दोष अँटिव्हायरसचा ठरला म्हणजे उपाय सौम्याकडून कठोराकडे जात करावे. प्रथम अँटिव्हायरस आणि ब्राउझर दोन्ही अद्ययावत करून संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. ब्राउझर नवा आणि पहारेकरी जुना अशी विजोड जोडी हें तक्रारीचें एक नेहमीचें कारण असतें. यंत्रच जुनें असेल तर याच्या उलटही होतें. विंडोज ७ वर क्रोमच्या नव्या आवृत्त्या फेब्रुवारी २०२३ पासून मिळेनाशा झाल्या, आणि विंडोज १० ची नेहमींची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली.

त्यानंतर एकाच यंत्रावर दोन अँटिव्हायरस तर नाहींत ना, हें पाहावें. यंत्र विकत घेतांना आलेला एक आणि दुकानदारानें घातलेला दुसरा, अशी स्थिति अनेक घरांत असते. दोघेही तोच लखोटा फोडूं पाहतात आणि पान मध्येंच लटकतें. एकास निरोप द्यावा. विंडोजचा स्वतःचा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर मात्र समजूतदार आहे. दुसरा अँटिव्हायरस आला कीं तो बाजूस सरतो, आणि दुसरा गेला कीं पुन्हा कामावर रुजू होतो. म्हणून विकतचा अँटिव्हायरस काढला तरी यंत्र अगदींच निराधार होत नाहीं. तरी डिफेंडर चालू झाला आहे, हें विंडोजच्या सुरक्षेच्या पानावर पाहून घ्यावें.

एखादेंच विश्वासू पान अडत असेल तर तेवढ्या पत्त्यापुरता अपवाद नोंदवावा. त्यापूर्वीं पत्ता अक्षरशः वाचावा. रिझर्व्ह बँकेनें सर्व बँकांना आपले पत्ते 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाचे करण्यास ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती. बँकेच्या नांवाच्या पानाचा शेवट तसा नसेल तर अपवाद करण्यापूर्वीं थांबावें आणि पासबुकावरील क्रमांकावर शाखेंत विचारावें. बँकेच्या पानावर प्रमाणपत्राचा इशारा आला असतां 'तरीही पुढें जा' ही कळ कधींही दाबूं नये. अपवाद करूनही भागलें नाहीं, तर अँटिव्हायरस काढून पुन्हा बसवावा. परवान्याची किल्ली आधीं कागदावर लिहून घ्यावी, आणि निर्मात्यानें स्वतंत्र काढणी-साधन दिलें असेल तर तेंच वापरावें. नाहींतर त्याचे अवशेष वाटेंत राहतात आणि अँटिव्हायरस गेल्यावरही इंटरनेट चालत नाहीं. तसें झाल्यास विंडोजमधील 'नेटवर्क रीसेट' कामीं येतें. त्यानें वायफायचे साठविलेले पासवर्ड पुसले जातात. तेही आधीं लिहून ठेवावे.

येथवर यंत्राची गोष्ट झाली. परंतु खरें नुकसान होतें तें बहुधा यंत्रामुळें नव्हे. पान अडल्यावर मनुष्य उतावीळ होतो त्या क्षणीं होतें. पडद्यावर येणाऱ्या पाट्या तीन प्रकारच्या असतात. एक ब्राउझरची, दुसरी अँटिव्हायरसची, आणि तिसरी सोंग घेतलेली. ही तिसरी पाटी म्हणजे एखादें साधें वेबपानच असतें. तें सगळा पडदा व्यापतें, भोंगा वाजवितें, संगणकांत विषाणु शिरल्याचें सांगतें आणि 'ताबडतोब या क्रमांकावर फोन करा' असें बजावतें. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन क्रमांक कधींच नसतो, असें त्या कंपनीनेंच स्पष्ट केलेलें आहे. पडद्याच्या कोपऱ्यांत सारखी 'तुमचा अँटिव्हायरस संपला' अशी चिठ्ठी येत असेल, तर तीही अनेकदां एखाद्या संकेतस्थळास चुकून दिलेल्या सूचनांच्या परवानगीमुळें येते. ब्राउझरच्या सेटिंगमध्यें ती परवानगी रद्द केली कीं चिठ्ठ्या थांबतात. अशी पाटी आली तर ऑल्ट आणि एफ-चार या कळा एकदम दाबून खिडकी बंद करावी, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर यंत्रच बंद करावें.

त्या क्रमांकावर फोन केला म्हणजे पलीकडून गोड बोलणारा मनुष्य भेटतो. तो दुरून संगणक हाताळण्याचा एक कार्यक्रम बसवावयास सांगतो, आणि घरमालक स्वतःच्या हातानें दार उघडून देतो. फोनवरून भीति घालून पैसे काढण्याचा धंदा किती मोठा होऊं शकतो, हें याच जिल्ह्यानें पाहिलें आहे. ऑक्टोबर २०१६ मध्यें ठाणें पोलिसांनीं मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घालून शेंकडों लोकांना ताब्यांत घेतलें. अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याचें भासवून तेथून अमेरिकेंतील लोकांना फोन केले जात आणि अटकेचा धाक दाखवून पैसे उकळले जात, असें पोलिसांनीं उघडकीस आणलें. तेथें सोंग करखात्याचें होतें, येथें दुरुस्तीवाल्याचें असतें. भीति आणि घाई हें भांडवल दोन्हीकडे एकच.

म्हणून अँटिव्हायरसविषयीं मदत हवी असेल तर क्रमांक पडद्यावरून किंवा शोधयंत्रांतून घेऊं नये. खोक्यावरून, पावतीवरून अथवा निर्मात्याच्या स्वतःच्या पानावरून घ्यावा. ठगाई झालीच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब कळवावें; पैसे पुढच्या खात्यांत जाण्यापूर्वीं अडविण्याची शक्यता पहिल्या कांहीं तासांतच अधिक असते. यंत्रांत खरोखर उपद्रव शिरल्याचा संशय असेल तर केंद्र सरकारनें फेब्रुवारी २०१७ मध्यें सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या पानावर यंत्र साफ करण्याचीं विनामूल्य साधनें मिळतात.

संगणकाशेजारीं एक लहान वही ठेवलेली असावी. तींत अँटिव्हायरसचें नांव, परवान्याची किल्ली, मुदत संपण्याची तारीख आणि निर्मात्याचा खरा दूरध्वनि क्रमांक हीं लिहिलेलीं असावींत. आणि वेबची तपासणी ज्या दिवशीं तात्पुरती बंद केली, त्या दिवशीं ती बंद केल्याची वेळ व पुन्हा सुरू केल्याची वेळ या दोन्हींची नोंद करावी. दुसरी वेळ लिहिल्याखेरीज खुर्चीवरून उठूं नये. एवढा नेम घरांतील सर्वांनीं पाळला, तर कर वेळेवर भरला जाईल, अर्ज वेळेवर जाईल, आणि आयुष्यभराच्या पुंजीवरचा पहाराही जागचा हलणार नाहीं.